पाहुणा की गिऱ्हाईक?

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही येथूनच जातो. आषाढी-कार्तिकीला वारकरी आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून येणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे, अशी या परिसरात माणसांची ये-जा सतत चालू असते. तथापि जाणारा थांबत नाही, ही रस्त्यावरच्या गावांची खंत असते. महामार्ग चौपदरी झाल्यापासून तर गाड्या गावाकडे न पाहताच पुढे जातात.

पाहुणे यावेत, त्यातून तरुणांना काम मिळावे, ही इच्छा योग्यच आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरणही स्वीकारले. प्रश्न एवढाच की, स्वागत म्हणजे नेमके काय?

सातारा जिल्ह्यातील भिलारचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. मात्र तेथे पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारमध्ये घरे, शाळा, मंदिरे अशा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके वाचनासाठी विनामूल्य ठेवण्यात आली. पुस्तके शासनाने दिली. परंतु अनोळखी माणसासाठी घराचे दार उघडले ते गावकऱ्यांनी. ते काम कोणत्याही शासकीय आदेशाने झाले नसते.

भिलारला पाचगणी-महाबळेश्वरचा शेजार आहे. मोडनिंबसारख्या गावाला तो नाही. म्हणून नक्कल करून भागणार नाही. वाटसरूला सावली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, वाजवी दर आणि आपुलकीचा शब्द मिळाला, तर तेच गावाचे खरे वैभव ठरेल.

आम्हां ख्रिस्ती लोकांना हा विषय परका नाही. भर उन्हात आलेल्या तीन अनोळखी वाटसरूंच्या स्वागताला अब्राहाम धावत गेला. ते कोण, हे त्याने आधी विचारले नाही. श्रीरामपूरजवळच्या हरिगाव येथे मतमाउलीच्या यात्रेला येणाऱ्या अन्यधर्मीय भाविकांनाही कोणी ओळख विचारत नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशासाठी आपण खुर्ची पुढे करतो. उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलांचे काय? तेही गावात आलेले पाहुणेच आहेत, फक्त त्यांच्या खिशात पैसे नाहीत. परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले का, असा प्रश्न प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. आपल्या धर्मग्रामांनीही तो स्वतःला विचारावा. रविवारच्या मिस्साला मागच्या बाकावर एकटाच बसलेला नवखा माणूस निरोप न घेता निघून गेला, तर आपल्या स्वागतात काहीतरी उणे राहिले, असे आम्ही समजतो.

पैसा आणणाऱ्याचे स्वागत बाजारही करतो. काहीच न आणणाऱ्याचे स्वागत जे गाव करील, त्या गावी परमेश्वर स्वतः पाहुणा म्हणून येईल.