झुरळ पाळायचा ट्रेंड: ताडोबातून एखादं उचलून आणलं तर काय होईल?

झुरळ दिसलं की आपला हात आधी चपलेकडे जातो. पण तळहातावर बोटाएवढं झुरळ घेऊन मिरवणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. हे झुरळ नेमकं कोणतं? आणि ते भारतात पाळता येतं का?

फुत्कारणारं झुरळ

हे मादागास्कर बेटावरचं 'हिसिंग कॉक्रोच'. लांबी ५ ते ७.५ सेंटीमीटर. पंख नसल्यामुळे ते उडत नाही. डिवचलं की श्वासछिद्रांतून जोरात हवा सोडतं आणि सापासारखा फुत्कार ऐकू येतो. नीट सांभाळलं तर २ ते ५ वर्षं जगतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना आता नोंदणी बंधनकारक आहे. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. हिसिंग कॉक्रोच या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी लागत नाही.

पण याचा अर्थ मोकळीक आहे असा नाही. परदेशातून जिवंत कीटक आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरनुसार केंद्र सरकारचा परवाना लागतो.

मग जंगलातलंच आणलं तर?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कायद्यातल्या 'प्राणी' या व्याख्येत फक्त वाघ-बिबट्या नाहीत, कीटकांसारखे अपृष्ठवंशीय जीवही येतात. त्यामुळे ताडोबा राष्ट्रीय उद्यानातून किंवा चपराळा, भामरागड अभयारण्यांतून परवानगीशिवाय साधं झुरळ उचलणंही गुन्हा ठरू शकतो.

कारणही साधं आहे. जंगलातली झुरळं पालापाचोळा आणि कुजकं लाकूड खातात, त्याचं खत होतं. शिवाय पक्षी आणि सरडे त्यांच्यावर जगतात.

कंटाळा आला की सोडून द्यायचं?

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. परका जीव नव्या जंगलात तग धरेल की मरेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच २०२२ च्या दुरुस्तीने स्थानिक वन्यजीवांना धोका ठरणाऱ्या परक्या प्रजातींची आयात, विक्री आणि त्या बाळगण्यावर बंदी घालायचा अधिकार केंद्राला दिला आहे.

आज जंगलांना वेढून बसलेली घाणेरीही एकेकाळी शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आली होती.

थोडक्यात, विकत घेण्याआधी आयातीचा परवाना विचारा, पाळलेला जीव जंगलात सोडू नका आणि जंगलातला घरी आणू नका. तिथे फोटो काढा, तेवढं पुरे.