राजीनाम्याने चौकशी संपत नाही
नाशिकमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभासदांचा जाहीरनामा

आम्ही नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या चर्चचे सभासद आहोत. कुणी शरणपूरचे, कुणी नाशिकरोडचे, कुणी देवळालीचे, तर कुणी दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या छोट्या मंडळ्यांतले. आमच्यात सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) आहेत, कॅथलिक आहेत, पेंटेकोस्टल आहेत. बाप्तिस्मा कोणत्या वयात आणि किती पाण्यात द्यावा, यावरसुद्धा आमचं एकमत होणार नाही. एका बाबतीत मात्र झालं आहे. पाळकाने गैरवर्तन केलं, राजीनामा दिला आणि प्रकरण मिटलं, ही आपल्याकडची रीत बंद झाली पाहिजे.

ही रीत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आधी कुजबुज होते. मग पाळकसाहेब दोन रविवार दिसत नाहीत. तब्येत बरी नाही म्हणतात. तिसऱ्या रविवारी उपासना संपत आली की, लग्नांच्या घोषणा आणि महिला मंडळाच्या सभेची सूचना यांच्या मधोमध, सेक्रेटरी खिशातून घडी घातलेला कागद काढतात. पाळकसाहेबांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला आहे, कमिटीने तो जड अंतःकरणाने स्वीकारला आहे, मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. शेवटचं गीत होतं, चहा होतो. काही ठिकाणी पुढच्या रविवारी निरोप समारंभही होतो: शाल, पुष्पगुच्छ, ग्रुप फोटो, आणि फोटोत पुढच्या रांगेत बसवलेली संडे स्कूलची मुलं. कुणी व्हॉट्सॲपवर विचारलंच, तर ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय होते. वर्षभराने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या लग्नपत्रिकेवर तेच नाव दिसतं, मागे रेव्हरंड लावलेलं.

ज्या मुलीने तोंड उघडलं ती दरम्यान गायनमंडळातून गळालेली असते. तिच्या घरचे चर्च बदलतात. त्यांच्या जाण्याची घोषणा कुणी करत नाही.

लोक गप्प का बसतात, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. आपल्याला कळतं. पाळक फक्त उपदेश करत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्या सहीचा, मिशनच्या शाळेत मुलाला घालायचं तर शिफारशीचं पत्र त्याचं. लग्न 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली त्याच्यासमोर लागतं आणि नोंदवहीत त्याची सही पडते. माणूस गेला की कब्रस्तानातल्या जागेसाठीही त्यालाच फोन करावा लागतो. ज्याच्या हातात आपला जन्म, लग्न आणि मरण आहे, त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायला बसलेल्या बापाचा हात थांबतो, तो भित्रा असतो म्हणून नव्हे. त्याला अजून दोन मुलींची लग्नं करायची असतात.

दुसरी भीती बाहेरच्यांची. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती टक्काभरही भरले नाहीत. दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास. आपल्या प्रार्थनासभेकडे आधीच संशयाने पाहिलं जातं, त्यात आपणच आपलं धुणं चव्हाट्यावर धुवायचं का, असं ज्येष्ठ मंडळी विचारतात. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण धुणं चव्हाट्यावर येतं ते बहुतेक वेळा घरात धुतलं गेलं नाही म्हणूनच. घरात कुणी ऐकून घेतलं असतं, तर पोलीस ठाण्याबाहेर कॅमेरे उभे राहण्याआधी मंडळीला सगळं ठाऊक असतं, आणि त्या कॅमेऱ्यांपुढे सांगायला आपल्याकडे काही तरी असतं.

मुंबईचं उदाहरण फार जुनं नाही. नोव्हेंबर 2015मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या एका कॅथलिक चर्चच्या फादरने 13 वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. पोलिसांकडे गेलं ते त्या मुलाचं कुटुंब. चर्चने स्वतः होऊन पोलिसांना का कळवलं नाही, याचं उत्तर मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांना 2019मध्ये बीबीसीपुढे द्यावं लागलं. त्याच वर्षी ते व्हॅटिकनमधल्या बालसंरक्षण परिषदेच्या आयोजकांपैकी एक होते. डिसेंबर 2021मध्ये विशेष पॉक्सो न्यायालयाने त्या फादरला जन्मठेप सुनावली. मधल्या सहा वर्षांत त्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांना चर्चने काय सांगितलं, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या चर्चपुरता करून पाहावा.

प्रॉटेस्टंटांनी हे ऐकून मान डोलवू नये. सीएनआयची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला झाली. त्याच नागपूरच्या विमानतळावर सप्टेंबर 2022मध्ये सीएनआयचे तेव्हाचे मॉडरेटर, जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग यांना मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक केली. त्याआधी त्यांच्या घरी पडलेल्या छाप्यात सुमारे 1 कोटी 65 लाखांची रोकड मिळाली होती. आरोप खरे की खोटे हे न्यायालय बघेल. आमचं म्हणणं एवढंच की आपल्या चर्चच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाची ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांना मोबाईलवर कळली, पुलपिटवरून नाही.

आणि शरणपूरकरांनी इंग्लंडकडेही पाहावं, कारण आपलं मूळ तिकडचं. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात शरणपूर वसवलं; गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत होता. ज्यांचं शरीर दुसऱ्याने बाजारात मांडलं होतं त्यांना आसरा देणं, ही आपल्या गावाची पहिली ओळख. त्याच इंग्लंडच्या चर्चमध्ये जॉन स्माइथ नावाचा वकील ख्रिस्ती शिबिरांत येणाऱ्या मुलांना अमानुष मारहाण करत होता. चर्चमधल्या काही जणांना हे 1982मध्येच कळलं होतं. पोलिसांत कुणी गेलं नाही. तो आधी झिम्बाब्वेला गेला, तिथेही शिबिरं घेत राहिला, आणि मग दक्षिण आफ्रिकेला गेला. 2018मध्ये तो मेला, एकदाही शिक्षा न होता. नोव्हेंबर 2024मध्ये चौकशी अहवाल आला आणि पाच दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. स्वतः काही केलं म्हणून नव्हे. 2013मध्ये कळल्यावर पुरेसा पाठपुरावा केला नाही म्हणून. माणसाला असं दुसरीकडे जाऊ देण्याला आपल्याकडे बदली म्हणतात, आणि बदलीचा ठराव करणाऱ्या हाताने कधी राजीनामा लिहिल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

स्वतंत्र मंडळ्यांची अवस्था वेगळी, आणि आमच्या मते अधिक अवघड. पाळक संस्थापक, ट्रस्टचा अध्यक्ष तोच, खजिनदार त्याची पत्नी, तरुणांचा पुढारी मुलगा. तिथे तक्रार कुणाकडे करायची आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा? ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांचं नाव आपल्या घराघरांत होतं. मे 2020मध्ये ते वारले तेव्हा जगभरातून श्रद्धांजली आली. फेब्रुवारी 2021मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं मांडलं. हयातीत एक तक्रार आली होती तेव्हा संस्थेने विश्वास त्यांच्यावर ठेवला होता. पाळकाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत दुसरं काय होणार?

आता शास्त्राधाराविषयी, कारण तक्रार घेऊन गेलेल्या माणसापुढे पहिली वस्तू ठेवली जाते ती बायबल. मत्तयाचा 18वा अध्याय काढून सांगतात, आधी एकटीने जाऊन त्याच्याशी बोल. ज्याने बंद खोलीत छळलं त्याला पुन्हा बंद खोलीत भेट, असा तो सल्ला असतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून दोन-तीन साक्षीदारांची अट काढतात आणि त्याच्या लगेच पुढचं वचन वाचत नाहीत. ते वचन पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांदेखत दोष देण्याबद्दल आहे. अभिषिक्तावर बोट उगारू नये, हे तर ठरलेलं. नाथान संदेष्टा दावीद राजासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा दावीद अभिषिक्त नव्हता की काय? एलीच्या मुलांची गोष्ट शब्बाथशाळेत शिकवताना आपण त्यांचा बाप का शिक्षेला पात्र ठरला, हे मुलांना सांगतो. मोठ्यांच्या सभेत ते आठवत नाही.

खरं बोलण्याने धर्माची बदनामी होते, हे मराठी ख्रिस्ती माणसाने तरी म्हणू नये. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवऱ्याचा तापटपणा, लहर, घरातलं होतं नव्हतं ते वाटून टाकण्याची सवय, काही म्हणता काही झाकलं नाही. नवरा साधासुधा नव्हता. नारायण वामन टिळक होते, दीक्षित पाळक होते. ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर कमी झालेला माणूस आम्ही पाहिलेला नाही. टिळकांनी 1917मध्ये मिशनची नोकरी सोडली तीही उघडपणे, का सोडली ते लोकांना सांगून. आणि पंडिता रमाबाईंनी तर बाप्तिस्म्यानंतरही इंग्लंडमधल्या धर्मगुरूंना आणि सिस्टरांना बजावलं होतं की एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवून दुसऱ्या पुरोहितशाहीचं मानेवर घेण्यासाठी मी ख्रिस्ती झालेले नाही. आपली परंपरा ही आहे. गप्प बसण्याची सवय नंतर लागली.

आम्हाला काय हवं आहे ते आता सांगतो.

बाब लहान मुलाची असेल तर कमिटी बसवायची नाही, बिशपांच्या परतीची वाट पाहायची नाही, प्रार्थनासप्ताह ठेवायचा नाही. त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं. 2012च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 ही सक्ती ज्याला कळलं त्या प्रत्येकावर करतं, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. अनेक कमिटी सदस्यांना हे ठाऊकच नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर चर्चच्या नोटीस बोर्डावर, वार्षिक सभेच्या सूचनेच्या वर लावा.

तक्रार प्रौढ स्त्रीची असेल तर 2013चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, नाही तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मानधन न घेता काम करणारी व्यक्तीही या कायद्याच्या व्याख्येत कर्मचारीच ठरते. ‘ती कुठे नोकरीला होती, ती तर सेवा करायची’ ही सबब त्यामुळे चालणार नाही. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत आहे. चौकशी करणाऱ्यांत त्या पाळकाने ज्यांची लग्नं लावली किंवा ज्यांना कमिटीवर घेतलं ते नकोत.

राजीनामा आला तर घ्यावा, पण चौकशी चालू असल्याची नोंद त्यावर करूनच. माणूस पद सोडून गेला तरी चौकशी पूर्ण व्हावी, निष्कर्ष लेखी असावा, आणि तो निष्कर्ष त्याच्यामागे पुढच्या चर्चपर्यंत, पुढच्या डायोसिसपर्यंत जावा. मंडळीला वैयक्तिक कारण हे दोन शब्द पुरणार नाहीत. आरोप पैशाचा होता, स्त्रीचा होता, की व्यसनाचा, एवढं सांगायलाच हवं. तक्रारदाराचं नाव, घर, वय, ओळख पटेल असं काहीही सांगायचं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी पाळता येतात, शाळा-कॉलेजं पाळतात.

क्षमेबद्दल आम्हाला नेहमी विचारलं जातं. क्षमा करावी. बँकेच्या कॅशियरने अपहार केला आणि पश्चात्ताप केला तर त्यालाही क्षमा करावी, पण तिजोरीच्या किल्ल्या कुणी परत देत नाही. पश्चात्तापी पाळकाला मंडळीत बसायला जागा आहे. पुलपिट हा त्याचा हक्क नाही.

पाळकांशीही दोन शब्द. तुमच्यातले बहुसंख्य तुटपुंज्या पगारात, रात्री-बेरात्री दवाखान्याच्या फेऱ्या मारत सेवा करतात, हे आम्ही रोज पाहतो. खोटी तक्रारही होऊ शकते. जमिनीच्या आणि निवडणुकीच्या भांडणात पाळकाला अडकवल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. म्हणूनच नीट चौकशी तुमच्याच फायद्याची आहे. तिच्यातून निर्दोष निघालेल्या पाळकाचं नाव त्याच पुलपिटवरून, त्याच मोठ्या आवाजात, मोकळं केलं जावं अशी आमची तितकीच ठाम मागणी आहे. आज राजीनामा देऊन गेलेल्या निर्दोष माणसाच्याही पाठीमागे कुजबुज आयुष्यभर फिरते.

एक बाब कोणत्याच ठरावात येत नाही. पाळकगृह चर्चचं असतं. नवऱ्याने राजीनामा दिला की बायकोला महिन्याभरात भांडी बांधावी लागतात, मुलांच्या शाळा सुटतात, आणि तिचा दोष काय असं कुणी विचारत नाही. तक्रारदार मुलीच्या समुपदेशनाचा खर्च आणि पाळकाच्या कुटुंबाचा निदान सहा महिन्यांचा निवारा, या दोन्हींची तरतूद मंडळीच्या अंदाजपत्रकात असावी. कन्व्हेन्शनच्या मंडपावर आपण याहून अधिक खर्च करतो.

आमच्या चळवळीला अजून नाव नाही, कार्यालय नाही, अध्यक्ष नको आहे. वर्गणी घेणार नाही. चर्च फोडण्याचा विचार नाही. वेगळं चर्च काढायचं असतं तर एवढं लिहिण्याचे कष्ट घेतले नसते. तुमच्या चर्चच्या येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडा: पाळकाविरुद्धची कोणतीही तक्रार राजीनामा किंवा बदली यांमुळे निकाली निघाली असं मानलं जाणार नाही, आणि चौकशी पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत तिचा निष्कर्ष सभासदांना कळवला जाईल. ठरावाची सूचना सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. अनुमोदक मिळाला नाही, तरी ठराव मांडला गेला होता हे इतिवृत्तात लिहून घ्या.