मासळीच्या करारात कोळीण कुठे?

१५ सप्टेंबर २०२५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांबद्दलचा करार अमलात आला. मान्यता देणाऱ्या देशांत तेव्हा भारत नव्हता. जून २०२२ मध्ये जीनिव्हात हा करार ठरला, त्याच्या आधीपासून आपलं म्हणणं एकच आहे. समुद्र ओरबाडला तो श्रीमंत देशांच्या अवाढव्य जहाजांनी. आमचा गरीब मच्छीमार छोट्या बोटीतून पोटापुरतं मारतो, त्याच्या सवलतींना हात लावू नका, आणि क्षमतेवर बंधनं आणायचीच असतील तर आम्हाला पंचवीस वर्षांची मुदत द्या. पुढच्या टप्प्याची बोलणी फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबुधाबीत याच मुद्द्यावर अडली.

या भूमिकेशी माझं भांडण नाही. मी अलिबाग तालुक्यातल्या रेवसची. आमच्या धक्क्यावर लागणारी डोलीची बोट आणि सहा-सहा महिने परक्या समुद्रात फिरणारं पोलादी जहाज यांना एकच नियम लावणं हा अन्याय आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या गरिबाचं नाव घेऊन आपण जीनिव्हात भांडतो, त्याच्या घरातली बाई या भांडणात कुठे आहे? करार मी वाचला. त्यात नौका आहेत, साठे आहेत, बेकायदा मासेमारी आहे. बाई नाही.

मी अलिबागला राज्यशास्त्र शिकवते. सिंथिया एन्लो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये एक पुस्तक लिहून आमच्या विषयाला जरा हलवलं. देशादेशांतलं राजकारण समजून घ्यायचं तर त्यात बायका कुठे उभ्या आहेत ते आधी शोधा, असा त्यांचा आग्रह. त्यांनी त्या शोधल्या लष्करी तळांच्या फाटकाबाहेर, केळीच्या मळ्यांत, राजदूतांच्या स्वयंपाकघरांत. वर्गात केळीचे मळे सांगितले की पोरं मोबाइलकडे बघतात. रेवसची जेट्टी सांगितली की वर बघतात, कारण निम्म्यांच्या आया तिथे असतात.

माझीही होती. बाप तांडेल. बोट धक्क्याला लागली की त्याचं काम संपायचं आणि आईचं सुरू व्हायचं. मासळी निवडायची, बर्फात भरायची. चोंढीच्या बाजारात काय न्यायचं, लाँचने भाऊच्या धक्क्याला काय पाठवायचं, वाळत काय घालायचं, हे सगळं ती ठरवायची. खलाशांचे पैसे, बर्फवाल्याची उधारी, फाटलेल्या जाळ्याचा खर्च तिच्या कनवटीच्या पिशवीतून जायचा. जून-जुलैच्या बंदीत बोटी शाकारून ठेवल्या की घर तिच्या सुकटीवर, सोड्यांवर आणि सुक्या बोंबलांवर चालायचं. “बोट तुज्या बापाची, भाव माजा,” असं ती चारचौघांत म्हणायची आणि बाप गुपचूप ऐकून घ्यायचा.

बाहेरच्यांना हे फार भावतं. कोळणीचा ठसका, अंगावरचं सोनं, वरातीत वाजणारी कोळीगीतं. तुमच्याकडे तर बाईचंच राज्य, असं मला पुण्या-मुंबईचे विद्वान कौतुकाने ऐकवतात. घरात होतं बाईचं राज्य. पण कागदावर?

बोटीची नोंदणी बापाच्या नावावर, परवाना बापाचा, मच्छीमार सोसायटीचा सभासद बाप. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत, म्हणजे बापालाच. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रातून झाला, तेव्हा किनाऱ्यावर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायचं ठरलं. ती समुद्रात जाणाऱ्यांसाठी, कारण सरकारला चिंता होती ती समुद्रात कोण आहे याची. धक्क्यावर कोण आहे याची चिंता कोणाला नव्हती. आईकडे आपण मासे विकतो हे दाखवायला एकच कागद असायचा, बाजाराची रोजची पावती. तीही दुपारपर्यंत माशाच्या पाण्यात भिजून जायची.

२०१९ च्या क्यार आणि महा वादळांनी हंगाम बुडवला. २०२० मध्ये राज्य सरकारने मदत जाहीर केली. नौकेला इंजिनाच्या सिलिंडरच्या हिशोबाने वीस ते तीस हजार, आणि मासे विकणाऱ्या बाईला शीतपेट्या घ्यायला तीन हजार. बाई यादीत आली हे चांगलंच झालं. पण मदत होती बुडालेल्या हंगामाची. बोट रिकामी आली त्या दिवशी पाटीही रिकामीच होती. मग बोटीला बुडालेल्या कमाईचे पैसे आणि बाईला पेटी, हा कुठला हिशोब?

धरमतर खाडीपलीकडचं उदाहरण याहून मोठं आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने प्रकल्पांमुळे मासेमारी बुडालेल्या उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून ती द्यायची होती. पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कासाठी हा निकाल फार मोलाचा, आणि तो मिळवणाऱ्यांना माझा नमस्कार. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. भरपाई ठरली ती कुटुंबामागे, पावणेसहा लाखांहून थोडी अधिक. पण कुटुंबाला सही करता येत नाही. सही करतो तो कुटुंबप्रमुख, आणि आपल्याकडे कुटुंबप्रमुख कोण असतो ते सांगायला नको.

आता आमच्या बाजूला धरमतर खाडीवर रेवस-करंजा पूल होतोय. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून, म्हणजे ऐंशीच्या सुरुवातीपासून, या पुलाची चर्चा ऐकत आम्ही वाढलो. पूल व्हावा. बाळंतपणाला अडलेली बाई घेऊन तरीची वाट बघत बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत ती पुलाला नाही म्हणणार नाहीत. पण खाडीत खांब उभे राहिले, भराव पडला, पाण्याचा ओघ बदलला की सगळ्यात आधी कोणाचं जातं? ओहोटीला चिखलात मांडीपर्यंत उतरून कालवं काढणाऱ्या, खुबे-शिवल्या वेचणाऱ्या, बिळातून चिंबोरी ओढणाऱ्या बायकांचं. त्यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही, इंजिन नाही. एक लोखंडी सळई आणि टोपली. बाधितांची यादी बोटींच्या नोंदणीवरून केली, तर यांच्यापैकी एकही बाधित ठरणार नाही. कागदोपत्री त्या चिखलात कधी कोणी उतरलेलंच नव्हतं.

हे सगळं गावातलं, यात जागतिक राजकारण कुठून आलं, असं माझे एक सहकारी नेहमी विचारतात. म्हणून थोडं मागे जाते. डिसेंबर २०१७ मध्ये ब्यूनोस आयर्सला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत शंभरावर देशांनी व्यापार आणि महिलांचं आर्थिक सक्षमीकरण या विषयावर एक जाहीरनामा काढला. भारताने त्यावर सही केली नाही. बायकांचा प्रश्न व्यापाराच्या टेबलावर आणला की उद्या श्रीमंत देश त्याचीच भिंत करून आमचा माल अडवतील, ही भीती. ती पोकळ नव्हती. जगभरच्या दीडशेहून जास्त स्त्री संघटनांनीही त्या जाहीरनाम्याला विरोध केला होता. मुक्त व्यापाराने ज्या बायकांची शेती आणि मासळी बुडाली, त्यांच्याच नावाने त्या व्यापाराला रंगरंगोटी कशाला, असा त्यांचा सवाल होता. स्त्रीवाद म्हणजे प्रत्येक ठिकाणी ‘महिला’ शब्द घुसवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

अडवणुकीचा अनुभवही जुना आहे. समुद्री कासवांच्या रक्षणासाठी म्हणून अमेरिकेने कोळंबीची आयात अडवली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली होती. १९९८ चा तो निकाल आम्ही आजही शिकवतो. पुढे २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेने पुन्हा बंद केली. तळ्यातली कोळंबी जात राहिली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरही पन्नास टक्के शुल्क आलं. बातम्यांत निर्यातदार बोलले, मंत्री बोलले. ती कोळंबी सोलतं कोण? आपल्याच रायगडात तळोज्याला मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत. तिथल्या थंडगार पत्र्याखाली उभं राहून सोलणाऱ्या हातांत पिढ्यान् पिढ्या केरळहून आलेल्या मुली आहेत. ससून डॉकवर किलोच्या भावाने सोलणाऱ्या बायका तर मुंबईकर रोज पाहतात. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि इथे सोलायला मालच येत नाही. किलोवर मजुरी असलेल्या बाईला त्या दिवशी कोणी सुट्टी देत नाही, नुसतं घरी पाठवतं.

तर मग भारताने ब्यूनोस आयर्सला सही न करणं बरोबर होतं का? माझ्या मते बरोबर होतं. पण त्या नकाराने एक जबाबदारी अंगावर घेतली होती. बाईचा प्रश्न हा आमच्या घरचा प्रश्न, तो आम्ही घरी सोडवू, असं आपण जगाला सांगितलं. घरी म्हणजे कुठे? दिल्लीत? मंत्रालयात? मत्स्यव्यवसाय खात्याच्या अलिबागच्या कार्यालयात? की रेवस-बोडणीच्या सोसायटीत? मला तो यांपैकी कुठेच सोडवलेला दिसत नाही. जगाच्या दारात गरीब मच्छीमाराची ढाल पुढे करायची आणि घरात त्या मच्छीमाराच्या बायकोला हिशोबातच धरायचं नाही, हा दुटप्पीपणा आहे.

मोजणं अशक्य आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०२३ मध्ये जगभरची छोटी मासेमारी मोजली. मासे पकडण्याच्या आधीची आणि नंतरची कामं धरली, पोटासाठी केलेली मासेमारीही धरली, तेव्हा दहातल्या चार जणी बायका निघाल्या. त्याच संघटनेची छोट्या मासेमारीसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ ची. त्यांत स्त्री-पुरुष समतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते तिथे यावं म्हणून झटणाऱ्यांत चेन्नईच्या चंद्रिका शर्मा होत्या. मच्छीमारांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं काम त्या पाहायच्या. ८ मार्च २०१४ रोजी मंगोलियातल्या बैठकीला निघाल्या आणि मलेशियाच्या ज्या विमानाचा पुढे पत्ताच लागला नाही, त्यात त्या होत्या. ती तत्त्वं त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. त्यांवर भारताची मोहोर आहे. आमच्या धक्क्यावर त्यातलं एक पानही पोहोचलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, बाईच्या नावावर योजना आहेत की. आहेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के अनुदान आणि महिलेला साठ टक्के. परिणाम काय, तर पुष्कळ घरांत अर्ज बायकोच्या नावाने जातो आणि अनुदानातली गाडी नवरा फिरवतो. आमच्याकडे सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी एक ‘भाऊ’ बसलेले असतात, तसंच हे. पण यावरून नाव लावून उपयोग नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी विचारते, मग बोटीवरचं तुमचं नाव काढून टाकता का? नाव आल्यावर पुढचं भांडण करता येतं. नाव नसलेल्या बाईला भांडायला जागाही नसते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतकऱ्यासारखं मिळेल असं सांगितलं गेलं. आनंद आहे. मात्र सातबाऱ्यावर बाईचं नाव नसल्याने शेतकरी बाईचं काय होतं, हे आपण विदर्भात आणि मराठवाड्यात पुरतं पाहिलं आहे. आत्महत्या केलेल्या नवऱ्याची जमीन आपल्या नावावर करून घ्यायला बायका तलाठ्याच्या दारात वर्षानुवर्षं बसल्या. तोच कित्ता किनाऱ्यावर गिरवायचा नसेल तर नावं आत्ताच लावायला हवीत.

सुरुवात जीनिव्हात व्हायची वाट बघू नका. अलिबाग तालुक्यातल्या मच्छीमार सोसायट्यांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत ठराव करा की पाटी घेऊन बाजारात बसणारी, मासळी सुकवणारी आणि खाडीत कालवं काढणारी बाई ही क्रियाशील मच्छीमार आहे आणि सोसायटीची सभासद आहे. पुलाच्या बाधितांची यादी होईल तेव्हा तो ठराव वर जोडा. आणि सभा दुपारी चारला ठेवू नका. तेव्हा ती बाजारात असते.