मॉरिशसला फोन लावण्याआधी

तुमची लेक किंवा पुतण्या मॉरिशसला गेला असेल, तर पहिलं काम हे करा. आपल्या घड्याळातून दीड तास वजा करायची सवय लावून घ्या. इथे आपल्या ताडकळसला सकाळचे साडेसहा, तेव्हा तिकडे पाच. इकडे रात्रीचे नऊ, तिकडे साडेसात. बारा महिने एवढाच फरक. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिकडे तसं नाही.

वरचा अर्धा तास विसरू नका. फोनवर मुलाखत किंवा मुलीची बोलणी ठरली, की दोन्हीकडची वेळ कागदावर लिहा. "उद्या नऊला" एवढ्यावर थांबू नका. कुणाचे नऊ, ते विचारा. विमानाच्या तिकिटावर तर प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. विमानतळावर आणायला जाताना त्यात काही मिळवू नका, वजा करू नका.

पण नुसतं घड्याळ पाहून भागत नाही. ताडकळस विषुववृत्ताच्या वर साधारण १९ अंशांवर. मॉरिशसचं वाकोआ गाव खाली २० अंशांवर. अंतर जवळपास सारखं, बाजू उलट. म्हणून ऋतूही उलटे.

जूनचंच बघा. आपल्याकडे पेरणीची घाई. पावणेसहाला फटफटीत उजाडलेलं असतं. शेतावर निघण्याआधी तुम्ही साडेसहाला फोन लावता. वाकोआत तेव्हा पहाटेचे पाच, थंडी आणि मिट्ट काळोख. उजाडायला अजून दीड तासाच्या वर अवकाश. एवढ्या पहाटे फोन वाजला, की परक्या गावातल्या माणसाच्या काळजात धस्स होतं. घरी काही वाईट तर झालं नाही ना, हाच पहिला विचार येतो.

त्यापेक्षा जूनमध्ये संध्याकाळी बोला. त्या दिवसांत आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पाच-दहा मिनिटांत त्यांच्याकडेही. दोन्ही घरी दिवेलागण जवळपास एकाच वेळी. डिसेंबरात हे पालटतं. तेव्हा दोन्हीकडे जवळपास बरोबरच उजाडतं. मात्र आपल्याकडे अंधार पडल्यावरही अडीच तास त्यांचा उजेड असतो. तेव्हा सकाळी जरा उन्हं आल्यावर बोललेलं चालतं.

जून ते ऑगस्टमध्ये कुणी जाणार असेल, तर बॅगेत स्वेटर ठेवा. वाकोआ पठारावर आहे, तिथे गारवा लागतो. आपल्याकडे संक्रांतीला अंगात ऊब यावी म्हणून तिळगूळ खातो, तेव्हा तिकडे भर उन्हाळा असतो.

सणावारांची फार काळजी करू नका. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची घरं तिथे आजही आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. नव्यानं गेलेल्यानं त्या लोकांत जावं, असं मी मुद्दाम सांगेन. मात्र संकष्टीला आपल्या कॅलेंडरातला चंद्रोदय तिकडे कळवून सून-लेकीला उपाशी ठेवू नका. तिथला चंद्रोदय तिथल्या पंचांगात पाहावा.

नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळाचे महिने. तिथलं हवामान खातं इशाऱ्याचे एक ते चार टप्पे लावतं. तिसरा लागला, की माणसं घरातच थांबतात. वीज जाते, कधी फोनही बंद पडतो. म्हणून आधीच तीन गोष्टी करून ठेवा. त्यांच्या घरमालकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर वहीत लिहा. घरात पाणी, मेणबत्त्या, कोरडा शिधा आहे ना, विचारा. आणि वादळ सरल्यावर पहिला फोन तुम्हाला करायचा, असं ठरवून टाका. मग दिवसभर फोन लागला नाही, तरी घरात रडारड होणार नाही.

आता आपल्या बाजूचं. तुमचा दिवस कसा जातो, हे तिकडच्या माणसालाही सांगा. शेतीची लाईट रात्रीची असली, की तुम्ही अकराला मोटार चालू करायला जाता. फोन खाटेवर राहतो. तिकडे तेव्हा साडेनऊच झालेले असतात. लेक जेवून-खाऊन निवांत बसते, फोन लावते, आणि बाबा उचलत नाहीत. लाईटची पाळी बदलली, की तिला त्याच दिवशी कळवा. शेतावर जाताना फोन आईच्या हातात देऊन जा.