थांबणारी गाडी

आमच्या घनसावंगीची ओळख परगावच्या माणसाला करून द्यायची म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे, ही पहिली. ती मी अभिमानाने सांगतो. आमच्या गावाला आगगाडी नाही, ही दुसरी. ती जरा खालच्या आवाजात. गाडी धरायची तर रांजणीचे स्टेशन गाठावे लागते.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेसाठी आलेल्या ताईला पोचवायला मी असाच रांजणीला गेलो होतो. फलाटावर उभा असताना डोक्यावरच्या विजेच्या तारांकडे लक्ष गेले आणि मन एकदम हळवे झाले. म्हटले, "ताई, आपलं डिझेल गेलं गं!"

वाचकहो, वाफेच्या इंजिनाचे भाग्य थोर. त्याच्यावर बालगीते झाली, चित्रे निघाली. विजेच्या गाडीचे तर विचारायलाच नको. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत निघाली, ती थाटामाटात. या दोघांच्या मधल्या काळात राबले ते डिझेल. ते आल्याचा आनंद कोणी केलेला मला आठवत नाही आणि गेल्याचे दुःखही कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेजची लाइन झाली. ती रुंद व्हायला १९९० नंतरची वर्षे उजाडली. मग आमच्याकडे ती मोठी डिझेल इंजिने दिसू लागली. डब्ल्यूडीएम-२ हे त्यांचे कागदोपत्री नाव. १९६२ साली ती प्रथम अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, सव्वीसशे अश्वशक्ती आणि वजन सुमारे एकशे तेरा टन! गंमत अशी, की डिझेलचे यंत्र स्वतः चाके फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, त्यातून वीज निघते आणि त्या विजेवरच्या मोटारी चाके ओढतात. म्हणजे विजेची गाडी आमच्याकडे आधीपासूनच होती. फक्त वीजघर तिच्या पोटात होते, ते आता बाहेर गेले.

१९९८ पासून तीन वर्षे मी जालन्याच्या कॉलेजात रांजणीहून पॅसेंजरने जात असे. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे नाव रंगवलेले असे. काजीपेठ, गुत्ती, मौला अली! ती नावे वाचता वाचता मला दक्षिणेचा भूगोल पाठ झाला. स्टेशनात उभे असले तरी ते धडधडत राही. निघताना काळ्या धुराचा लोट सोडी आणि मग कुठे डबे हलत. हे सारे मी ताईला मोठ्या रंगात येऊन सांगितले.

ताईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "तुला आठवतंय, कारण तू रोज आत बसत होतास. मी त्या गाडीत पहिल्यांदा बसले ती माझ्या लग्नात, सेलूला जाताना."

मी गप्प झालो. वडील गेल्यावर ताईची शाळा सुटली होती. शेजारणींचे ब्लाउज शिवून ती माझ्या पासाचे पैसे उभे करी आणि पहाटे चारला उठून भाकरी थापी. तीन वर्षांत तिला एकदा तरी जालना दाखवून आणावे, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

"धुराने डोळे चुरचुरायचे. गेलं ते बरं झालं," ती पुढे म्हणाली. "इंजिन कशावर का चालेना, गाडी इथं थांबली पाहिजे. नाहीतर मी माहेरी येऊ कशी?"

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे पॅसेंजर गाड्या बंद पडल्या. पुढे त्या सुरू झाल्या त्या एक्सप्रेसच्या दराने. दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले आणि ते पुन्हा दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. त्या काळात दोन भाऊबिजांना ताई आली नव्हती. 'जमलं नाही' असे ती म्हणाली होती आणि मी ते खरे मानले होते. माझ्या दारात तोवर मोटार आली होती ना!

वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून नांदेडपर्यंत जाऊ लागली, तेव्हा ती रांजणीवरूनही जाते. जाते म्हणजे जातेच, थांबत नाही. तिनेही धावावे, तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु एखाद्या इंजिनाच्या आठवणीने गहिवरणे ही पोटभर प्रवास केलेल्यांची चैन आहे. लहान स्टेशनावर उभ्या असलेल्या बाईला वेग नको असतो, थांबा हवा असतो.

गाडी आली. ताई चढली, खिडकीशी बसली. मला तिला काही सांगायचे होते. पूर्वी इंजिन गुरगुरे, तेवढ्यात चार शब्द बोलून होत. या वेळी आवाजही न होता खिडकी पुढे सरकली आणि माझे सांगायचे राहून गेले.

या भाऊबिजेला मात्र मी ठरवले आहे. मोटार घरीच ठेवणार आणि पॅसेंजरचे तिकीट काढून सेलूला जाणार.