ज्याची खावी पोळी...

वार्षिकांकासाठी मी लेखाचा विषय सांगितला तेव्हा मंडळींच्या भुवया उंचावल्या. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या धोरणावर जे संशोधन व्हायला हवे, त्याला सरकारने पैसा द्यावा की नाही, हा तो विषय. "कला महाविद्यालयाच्या अंकात हे कशाला? शास्त्रशाखेवाल्यांना लिहू दे की!" असे एका स्नेह्याने सुचवले. सूचना प्रेमाची होती. पण हा लेख का लिहायला हवा याचे उत्तर नेमके त्या सूचनेतच आहे.

प्रयोगशाळेत काय सिद्ध झाले ते शास्त्रज्ञाने सांगावे, हे मान्य. परंतु प्रयोगशाळा कोणती उभारावी, तिच्यावर किती पैसा खर्चावा, कोणत्या रोगावरचे औषध आधी शोधावे, कोरडवाहू ज्वारीवर संशोधन करावे की निर्यातीच्या द्राक्षांवर, नवे बियाणे शेतात केव्हा जाऊ द्यावे, हे प्रश्न परीक्षानळीत सुटणारे नाहीत. त्यांत अर्थशास्त्र आहे, राज्यशास्त्र आहे, इतिहास आहे आणि न्याय-अन्यायाचा विचारही आहे. म्हणजे जे विषय आपण या इमारतीत बसून शिकतो, नेमके तेच आहेत. या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे धोरण-संशोधन. शेतकरी बियाणे विकत घेतो तो एक खर्च आणि पेरणीपूर्वी माती तपासून घेतो तो दुसरा. पहिल्याला आपण गरज म्हणतो आणि दुसऱ्याला चैन समजतो, ही आपली जुनी खोड आहे.

आपल्या देशात विज्ञानविषयक धोरणांची वाण नाही. ४ मार्च १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या सरकारने विज्ञानधोरणाचा ठराव केला. १९७१ साली सी. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान समिती नेमली गेली आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळासाठी विज्ञानाचीही स्वतंत्र योजना आखण्यात आली. १९८३ मध्ये तंत्रज्ञानविषयक धोरणाचे निवेदन आले. पुढे २००३ आणि २०१३ साली नवी धोरणे आली. २०२० च्या अखेरीस आणखी एका धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवण्यात आला. ठराव उदात्त आहेत. वाचताना ऊर भरून येतो. प्रश्न पुढचा आहे.

२००३ च्या धोरणाने जाहीर केले की दहाव्या योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, विज्ञान-तंत्रज्ञानावरील गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या निदान दोन टक्क्यांवर नेऊ. २००७ उलटले. २०१३ च्या धोरणाने तेच दोन टक्के पुन्हा पुढे ठेवले आणि खासगी उद्योगांनी आपला वाटा वाढवला तर पाच वर्षांत ते साधेल, असे म्हटले. तीही पाच वर्षे उलटली. २०२०-२१ साली संशोधन व विकासावर देशात सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये खर्च झाले. रुपयांत पाहिले तर दहा वर्षांत खर्च दुपटीहून अधिक वाढला; पण राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण होते ०.६४ टक्के. त्यात खासगी उद्योगांचा वाटा साधारण ३६ टक्के. दक्षिण कोरियात किंवा चीनमध्ये हाच वाटा सत्तर टक्क्यांच्या वर असतो.

आता विचारायचा प्रश्न सरळ आहे. दोन टक्क्यांचे उद्दिष्ट दोनदा का हुकले? आपले उद्योग संशोधनावर पैसा का घालत नाहीत? त्यांना आयात केलेले तंत्र स्वस्त पडते म्हणून, की बाजारपेठेत स्पर्धाच पुरेशी नाही म्हणून, की विद्यापीठांशी त्यांचा संबंधच तुटलेला आहे म्हणून? उत्तर वेगळे निघाले की उपायही वेगळा ठरतो. कारण ठाऊक नसताना आकडा तेवढा पुन्हा लिहिणे म्हणजे, रोगाचे निदान न करता औषधाची तीच चिठ्ठी दर वर्षी नव्या तारखेने लिहून देणे होय. आणि हा ०.६४ चा आकडा तरी आपल्याला कसा कळतो? केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग देशभर पाहणी करून तो गोळा करतो, म्हणून. आपण किती कमी करतो हे मोजण्यासाठीदेखील कुणाला तरी पगार द्यावाच लागतो.

सरकार या कामाला मुळीच पैसा देत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने विज्ञान, तंत्रज्ञान व विकास यांच्या अभ्यासासाठी १९८० च्या सुमारास दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी केली. २०२१ मध्ये ती विज्ञान-प्रकाशनाचे काम करणाऱ्या भगिनीसंस्थेत विलीन होऊन आता धोरण-संशोधन आणि विज्ञानसंवाद ही दोन्ही कामे एकाच छताखाली चालतात. १९८८ साली तंत्रज्ञानाचा पुढचा वेध घेणारी परिषद स्थापन झाली. 'तंत्रज्ञान दृष्टी २०२०' हे दस्तऐवज तिनेच १९९६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली तयार केले. २०१३ च्या धोरणानंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीची आयआयटी, चंडीगडचे पंजाब विद्यापीठ अशा ठिकाणी धोरण-संशोधनाची केंद्रे सरकारी अनुदानावर निघाली. तेव्हा रोपटे लावलेले आहे. त्याला पाणी किती घालायचे आणि कुंपण कसले घालायचे, एवढाच वाद आहे.

या खर्चावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खुद्द शास्त्रज्ञांचा. ते म्हणतात, मुळात पैसा थोडा. त्यातून अहवाल लिहिणाऱ्यांचा वाटा काढला तर उपकरणे कशातून घ्यायची? मलाही काही काळ हे पटत होते. पण विचार केला तेव्हा ध्यानात आले की आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही गत जर कुठे होत असेल, तर ती मोठ्या खर्चामागे डोळे नसल्यामुळेच होते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचा त्यामागे संकल्प आहे आणि त्यात सरकारचा स्वतःचा भाग सुमारे चौदा हजार कोटींचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की सरकारच्या या भागातून शंभर रुपयांमागे आठ आणे वेगळे काढावेत. त्याचे पाच वर्षांचे सत्तर कोटी होतात, म्हणजे वर्षाला चौदा कोटी. उरलेले साडेनव्याण्णव रुपये कोठे जातात आणि त्यातून काय निपजते, हे पाहण्यासाठी आठ आणे फार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्याला उत्तर देणे अधिक अवघड. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपली म्हण आहे. सरकारच्या पैशाने सरकारच्या धोरणाची परीक्षा करणारा अभ्यासक सरकारला नापास कसा करणार? आणि केलेच, तर ते प्रगतिपुस्तक घराबाहेर पडणार का?

या दुसऱ्या भागाचे उत्तर आपल्या दाराशीच मिळते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांचे मंडळ नेमले. सह्याद्रीच्या कुठल्या भागात खाणी, धरणे, कारखाने चालतील आणि कुठे चालणार नाहीत, हा त्याचा विषय. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात आले. मंडळाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. नेमणारे सरकार, पैसा सरकारचा. पण अहवाल लोकांना दिसेना. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागला, केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथेही आयोगाचाच आदेश कायम राहिला, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो खुला झाला. ग्रामसभांनी ज्यावर चर्चा करावी अशी त्या मंडळाची अपेक्षा होती, तो मजकूर कोर्टाच्या पायऱ्या चढून गावात पोचला. दरम्यान अफवा मात्र कुणाच्याही आदेशावाचून पोचल्या होत्या.

गाडगीळ मंडळाच्या शिफारशी बरोबर होत्या की अव्यवहार्य, हा वाद मी इथे घालत नाही. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या नंतरच्या गटाने घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरवला, म्हणजे तज्ज्ञांतही मतभेद असू शकतात. माझा मुद्दा वेगळा आहे. अभ्यासकांनी टाळी वाजवली नाही. म्हणजे पोळी खाऊनही माणूस खरे बोलू शकतो. गफलत झाली ती बोललेले दाबून ठेवण्यात.

दुसरे उदाहरण बीटी वांग्याचे. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय तंत्राची छाननी करणाऱ्या सरकारी समितीने या वांग्याला अनुकूलता दाखवली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लगेच परवानगी न देता २०१० च्या आरंभी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. आपले नागपूर त्यांपैकी एक. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. चाचण्या मुख्यतः बियाणे तयार करणाऱ्या कंपनीनेच केलेल्या आहेत, स्वतंत्र परीक्षण पुरेसे नाही, हा त्या वेळचा एक मोठा आक्षेप होता. स्थगिती योग्य की अयोग्य यावर आजही दोन तट आहेत. पण सार्वजनिक पैशाने स्वतंत्र परीक्षण आधीच झालेले असते, तर सभागृहांतील घोषणांच्या जागी निदान दोन्ही बाजूंना मान्य असे काही आकडे समोर असते. सरकारने अभ्यासाला पैसा दिला नाही, म्हणून अभ्यास थांबत नाही. तो ज्याचा माल आहे त्याच्या पैशाने होतो, इतकेच.

मग पोळी आणि टाळी यांची फारकत कशी करायची? अमेरिकेने यावर एक तोड काढली होती. १९७२ च्या कायद्याने तिथल्या संसदेने स्वतःचे तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालय स्थापन केले. पैसा सरकारी तिजोरीचाच, पण मंत्रालयांच्या हातून येणारा नव्हे. आणि देखरेख करणाऱ्या मंडळावर दोन्ही सभागृहांचे सहा-सहा सदस्य, दोन्ही पक्षांचे समसमान. त्यामुळे कार्यालय कुणा एकाचे मिंधे नव्हते. अध्यक्ष रेगन यांनी १९८३ मध्ये अंतराळातून क्षेपणास्त्रे रोखण्याची महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली, तेव्हा तिच्या यशाविषयी गंभीर शंका व्यक्त करणारा अभ्यास याच कार्यालयाने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. सुमारे साडेसातशे अहवाल काढल्यावर १९९५ मध्ये काटकसरीच्या नावाखाली त्याचा निधी बंद झाला. वर्षाचा खर्च साधारण दोन कोटी डॉलर. त्या देशाच्या अंदाजपत्रकात तो शोधूनही सापडला नसता. मात्र त्याच धर्तीची कार्यालये तोपर्यंत ब्रिटन व जर्मनीच्या संसदांशी जोडली गेली होती आणि ती टिकली. आपल्या संसदेत १९९३ पासून विज्ञान-तंत्रज्ञानासाठी स्थायी समिती आहे. तिच्या हाताशी असे स्वतःचे कार्यालय मात्र नाही. ज्या खात्याची तपासणी करायची, बहुधा त्याच खात्याने पुरवलेल्या माहितीवर तिला विसंबावे लागते.

म्हणून मला वाटते, सरकारने या संशोधनाला अनुदान जरूर द्यावे. परंतु तीन अटींवर. पहिली, ज्या खात्याचे धोरण तपासायचे त्याच्या हातून पैसा येऊ नये. तो संसदेने मंजूर करावा आणि एका वर्षाच्या मर्जीवर न ठेवता पाच वर्षांसाठी बांधून द्यावा. दुसरी, अहवाल सादर झाल्यापासून नव्वद दिवसांत, कुणी अर्ज न करता, तो जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा; सरकारला तो अमान्य असेल तर त्याने आपली कारणे शेजारी छापावीत. तिसरी, ज्या लोकांच्या जीवनाशी अहवालाचा संबंध आहे त्यांच्या भाषेत तो मिळावा. सह्याद्रीविषयीचा निष्कर्ष सावंतवाडीच्या शेतकऱ्याला इंग्रजीतून सांगणे म्हणजे न सांगणेच.

या तिसऱ्या अटीपाशी आपल्यासारख्यांचे काम सुरू होते. २०२३ च्या ज्या कायद्याचा उल्लेख वर केला, त्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे जिथे विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडतात, त्या क्षेत्रालाही स्थान दिलेले आहे. दार किलकिले आहे. तालुक्यात ठिबक सिंचनाचे अनुदान कोणाच्या शेतापर्यंत पोचते, आरोग्यकेंद्रात आलेले यंत्र चालवायला माणूस आहे की नाही, याची पाहणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रश्नावली लागते, मराठी लागते आणि लोकांच्या ओसरीवर बसून ऐकण्याची सवय लागते. या तिन्ही गोष्टी कलाशाखेजवळ आहेत. नाही ती हिंमत, आणि पाहणीला लागणारा थोडा पैसा.

माझ्या स्नेह्याला आता उत्तर द्यायला हरकत नाही. शास्त्रशाखेच्या मित्रांनी अवश्य लिहावे. पण पोळी सरकारने वाढली तरी तिचे पीठ तुमच्या-आमच्या करातले आहे. तेव्हा टाळी कोणासाठी वाजवायची, आणि कधी वाजवायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार कलाशाखेने तरी कुणाला का देऊन टाकावा?