शेठ, आप्पा आणि बैलांचा खुराक

2024 च्या फेब्रुवारीत पनवेलजवळच्या विहिघरचे पंढरीशेठ फडके गेले, त्या दिवशी मी हापिसात एका अडकलेल्या बिल्डकडे बघत बसलो होतो. फोनवर बातमी आली आणि मी बराच वेळ गप्प झालो. शेजारचा मित्र डोकावून म्हणाला, "हा तो सोन्याने मढलेला माणूस ना? तुझा कोण लागतो?" मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर द्यायचं राहिलं, ते या विकांताला देतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेठ म्हणजे बैलगाडा शर्यतीतलं मोठं नाव, गाडामालक. रायगड-ठाण्याकडे 'बिनजोड' शर्यती लागतात, म्हणजे एका मालकाने दुसऱ्याला आव्हान द्यायचं आणि दोन जोड्यांचा समोरासमोर निकाल. शेठच्या अंगावर किलोने सोनं, मैदानात एन्ट्री गाडीच्या टपावर बसून. त्यांच्या 'बादल' बैलाची किंमत पेपरांनी 11 लाख छापली होती. यू-ट्यूबवर त्यांचे व्हिडिओ मी किती पाहिले असतील ते सांगत नाही, बॉस हा ब्लॉग वाचतो :)

पण माझं वेड यू-ट्यूबच्या आधीचं आहे. मी रनाळ्याचा, नंदुरबार तालुक्यातला. आमच्या मोठ्या काकांकडे, आप्पांकडे, पळवायची एक जोडी होती. अंगावर सोनं-बिनं काही नाही, धोतर आणि टोपी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला आम्हाला न्यायचे. दहा-बारा घोड्यांच्या पायांवरून हात फिरवायचे, भाव विचारायचे आणि काही न घेता घरी यायचे. व्यापारी वैतागायचे. आम्हाला जिलबी मिळायची, त्यामुळे आमची तक्रार नसे.

शर्यतीचा मालक नक्की करतो काय, हे मला आप्पांमुळे कळलं. वासरू असतानाच चाल ओळखायची. डाव्या बाजूला कोण पळेल, उजवीकडे कोण, हे ठरवायचं. दोन चांगले बैल म्हणजे चांगली जोडी नव्हे, एकाचा वेग दुसऱ्याला पेलला पाहिजे. नाल, सरकी पेंड, उडीद, रोजचा सराव, टेम्पोचं भाडं, गाडी हाकणारा पोरगा आणि त्याचे रुसवे. सगळ्यात अवघड म्हणजे मैदानावर पोचल्यावर बैलाचा नूर बघून "आज नाही पळवत" म्हणणं. वर्गणी गेली, मंडळी हसली, तरी नाही. आप्पांनी असं दोनदा केलेलं मी पाहिलंय. जिंकल्यावर गुलाल बैलांना, फोटो हाकणाऱ्या पोराचा, आणि उधारी मालकाची.

सातासमुद्रापलीकडे हाच प्रकार दिसला तेव्हा गंमत वाटली. अमेरिकेत नॅस्कार नावाच्या मोटारशर्यती असतात. त्यातला रिचर्ड चिल्ड्रेस हा मालक आधी स्वतः गाडी चालवायचा. 285 शर्यती, विजय शून्य! 1981 मध्ये तो स्वतः उतरला आणि आपली गाडी डेल अर्नहार्टच्या हाती दिली. पुढे अर्नहार्टने त्याच्यासाठी सहा अजिंक्यपदं जिंकली. 2001 मध्ये डेटोनाला अर्नहार्ट शर्यतीतच गेला, तेव्हा चिल्ड्रेसने 3 नंबरची गाडी मैदानातून काढून घेतली. तो नंबर 2014 मध्ये परत आला, चालवायला त्याचा स्वतःचा नातू. आपल्यापेक्षा भारी हात ओळखून खुर्ची सोडणं आमच्या धंद्यातही फार थोड्यांना जमतं. मला अजून जमलेलं नाही. ज्युनियरचा कोड मी रात्री गुपचूप बदलतो.

असो. बैलांकडे येऊ.

7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. त्यामागचं कारण खोटं नव्हतं, हे शौकीन असूनही सांगतो. टोचणीच्या काठ्या, शेपटीचे चावे, बॅटरीचे झटके मी डोळ्यांनी पाहिलेत. पण बंदीने झटके देणारा आणि खुराक घालणारा एकाच रांगेत उभा केला. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, हायकोर्टाने अडवला. परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 ला आणि घटनापीठाचं शिक्कामोर्तब 18 मे 2023 ला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाचा डॉक्टरी दाखला, जास्तीत जास्त 1000 मीटर धाव, काठी-चाबूक बंद असे नियम आहेत. ते पहिल्यापासून हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि प्रत्येक मैदानात पाळले जातात असं समजण्याइतका मी भोळा नाही.

मधली साडेसात वर्षं पळणाऱ्या बैलाने खायचं काय? तो नांगराला जुंपायचा नाही आणि कमाई तर काहीच नाही. राज्यभर कित्येक मालकांनी तरीही खुराक चालू ठेवला, माझा सलाम त्यांना आहे. आप्पांना ते झेपलं नाही. कापसाने दोन वर्षं मार दिला आणि 2016 मध्ये जोडी गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. फोनवर त्यांना म्हणालो, "कोर्टात चालू आहे, थांबा थोडं." ते म्हणाले, "बैलले कोर्ट समजस नही, भूक समजस." तेव्हा मला बऱ्यापैकी पगार होता. महिन्याला पेंडेचे पैसे पाठवतो, एवढं म्हणायला मला सुचलं नाही. सुचलं नाही की सुचूनही बोललो नाही, ते आता आठवून काय उपयोग.

शेठचं सगळंच मला आवडायचं असं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अंबरनाथला शर्यतीच्या वादातून दोन गटांत गोळीबाराचं प्रकरण झालं आणि त्यात शेठना अटक झाली. बैलांच्या नादात बंदूक आली की आपण मैदानातून उठावं, या मताचा मी आहे. आणि लाखांच्या बोलीत आप्पांसारखा दोन बैलांचा मालक कुठे बसतो, हेही मला कळत नाही. पण टपावर बसलेला तो माणूस दिसला की छाती फुगायची हेही खरंच. गाडी हाकणाऱ्याचं नाव होतं, बैलाचं होतं, पैसे घालणाऱ्या मालकाला कोणी बघत नाही. शेठनी ते बघायला लावलं.

शेठ गेल्यानंतरच्या पोळ्याला रनाळ्याला गेलो होतो. आप्पांचा गोठा रिकामा, मातीचे बैल पुजलेले. त्यांना फोनवर शेठचा एक जुना व्हिडिओ लावून दिला. सोनं, ढोल, टपावरची एन्ट्री, कशाकडेच त्यांनी पाहिलं नाही. "थांबाड," म्हणाले. मी व्हिडिओ थांबवला. फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बैलांची पाठ, मग पाय, मग पोट असं सावकाश बघितलं.

"खायेल-पियेल जोडी से," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.